शिक्का इथला, भुकटी शेजारची

(नवी मुंबईतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



न्हावाशेवा बंदरात दररोज हजारो कंटेनर उतरतात. त्यांतील काहींत पुठ्ठ्याचे ड्रम असतात आणि ड्रमांत पांढरी भुकटी असते. ही भुकटी चीनमधील कारखान्यांत तयार झालेली असते. ट्रकवर चढून ती महाराष्ट्रातल्या, गुजरातेतल्या, हिमाचलातल्या औषध कारखान्यांत जाते. तेथे तिच्यात स्टार्च मिसळतात, गोळी दाबतात, ती पट्टीत बंद करतात आणि पट्टीवर भारतीय कंपनीचे नाव छापतात. गोळी विकत घेणाऱ्या रुग्णाची समजूत अशी होते की औषध देशात तयार झाले. ही समजूत अर्धीच खरी आहे. गोळीचा आकार इथला आहे. तिच्यातला गुण बाहेरून आलेला आहे.

औषधाच्या या मूळ द्रव्याला धंद्यात ‘बल्क ड्रग’ म्हणतात. भारत बाहेरून जे बल्क ड्रग आणतो, त्यांपैकी मूल्याच्या हिशेबाने सुमारे ७० टक्के माल एकट्या चीनमधून येतो. पेनिसिलिनसारख्या काही द्रव्यांच्या बाबतीत तर हे अवलंबन अनेक वर्षे जवळजवळ संपूर्ण होते. जगाचा औषधवाला म्हणून गौरवला जाणारा देश या अवस्थेला कसा पोहोचला, हा प्रश्न ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कार्यकर्त्याने विचारलाच पाहिजे. कारण या कथेचे आरंभ आणि शेवट दोन्ही त्याच्या दारात आहेत.

स्वातंत्र्यानंतर या क्षेत्रात पहिले पाऊल सरकारने टाकले होते. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य मिळाले आणि पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले. या सार्वजनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत हॅमायसिनसारखे नवे औषधही शोधले गेले. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सने रायगड जिल्ह्यात रसायनी येथे नायट्रोबेंझीन, ॲनिलीन अशी पायाभूत रसायने बनवली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवरील पेटंट रद्द करून केवळ प्रक्रियेवरील पेटंट ठेवले. परदेशी कंपन्यांची मक्तेदारी त्यामुळे मोडली आणि भारतीय कारखानदारीला वाट मिळाली. म्हणजे खासगी औषध उद्योगाची आजची इमारत सार्वजनिक ज्ञानाच्या, सार्वजनिक कायद्याच्या आणि सार्वजनिक भांडवलाच्या पायावर उभी आहे.

याच काळात ठाणे खाडीच्या काठी औद्योगिक पट्टा उभा राहिला. १९६२ साली एमआयडीसी आणि १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादनाखाली आली. आगरी, कोळी, कराडी शेतकऱ्याला सांगण्यात आले की भातशेती आणि मिठागरे गेली तरी कारखाने येतील, बंदर येईल आणि मुलांना नोकरी मिळेल. योग्य मोबदल्यासाठी हाच शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला, तेव्हा १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांना हौतात्म्य आले. त्या लढ्यातून विकसित जमिनीच्या साडेबारा टक्के परताव्याचे धोरण निघाले. १९८९ साली बंदर सुरू झाले. कारखान्यांत तयार झालेला माल जगभर नेणे, हे या बंदराचे एक काम ठरले होते. आज त्याच बंदरातून इथल्या कारखान्याचे काम हिरावणारा मालही आत येतो. ज्याची जमीन गेली त्याचा मुलगा कंटेनर यार्डात ठेकेदाराकडे राबतो, आणि पट्ट्यातल्या जुन्या रासायनिक कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आणि संगणकांची गोदामे उभी राहतात.

हे काही एका दिवसात घडले नाही. ज्या धोरणाने मालकाने प्रथम कायम कामगाराच्या जागी कंत्राटी कामगार आणला, त्याच धोरणाचा हा विस्तार आहे. औषध कायद्यात ‘लोन लायसन्स’ नावाची सोय आहे. तिच्या आधारे स्वतःचा कारखाना नसलेला मालक दुसऱ्याच्या कारखान्यात आपल्या नावाचे औषध बनवून घेऊ शकतो. २००३ मध्ये हिमाचल आणि उत्तराखंडला उत्पादन शुल्काची सवलत मिळाली, तशी गोळ्या बनवण्याची कंत्राटे बद्दीसारख्या ठिकाणी धावली. आणि १९९० नंतर आयातीची दारे उघडली गेली, तेव्हापासून मूळ द्रव्याचे उत्पादन सीमेपलीकडे जात राहिले. कामगार कंत्राटी, कारखाना कंत्राटी आणि अखेर देशही कंत्राटी, अशी ही तीन पायऱ्यांची उतरण आहे. प्रत्येक पायरीवर मालकाचा नफा शाबूत राहिला आणि त्याची जबाबदारी मात्र एकेक पायरी दूर गेली.

या व्यवस्थेच्या समर्थनार्थ दोन युक्तिवाद केले जातात. त्यांना उत्तर न देता नुसत्या घोषणा देणे चळवळीला शोभणार नाही.

पहिला युक्तिवाद स्वस्ताईचा. चीनमधील प्रचंड कारखाने, स्वस्त वीज आणि सरकारी पाठबळ यांमुळे तेथील भुकटी स्वस्त पडते. मग गरीब रुग्णाचा लाभ का नाकारावा, असे विचारले जाते. परंतु स्पर्धक संपले की विकणारा एकटा उरतो आणि भाव तो ठरवतो. २०१७ च्या सुमारास चीनने प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांवर कारवाई सुरू केली, तेव्हा अनेक द्रव्ये महागली. २०२० च्या आरंभी तेथे करोनाची साथ पसरून कारखाने थांबले, तेव्हा पॅरासिटामॉलसारख्या अगदी साध्या औषधाची चिंता निर्माण झाली. ३ मार्च २०२० रोजी भारत सरकारला २६ औषधी द्रव्यांच्या आणि औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. ज्याचे मूळ द्रव्य दुसऱ्याच्या हाती, त्याची स्वस्ताईही दुसऱ्याच्याच मर्जीवर.

दुसरा युक्तिवाद प्रदूषणाचा आहे आणि तो अधिक अवघड आहे. ठाणे खाडी रसायनांनी नासली, कोळ्यांची मासळी घटली, वस्त्यांना उग्र वासाने ग्रासले, हे सारे खरे आहे. याविरुद्ध गावांनी आवाज उठवला तो योग्यच होता. पण सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च सोसण्याऐवजी सांडपाण्यासह कामच परदेशी पाठवणे, हा मालकांना सापडलेला सोपा उपाय ठरला. विष नाहीसे झाले नाही. ते चीनमधल्या नद्यांत आणि तिथल्या कामगाराच्या छातीत गेले. म्हणून या प्रश्नावर शेजारी देशाविरुद्ध द्वेषाचे ढोल वाजवणाऱ्यांशी चळवळीचे जमणार नाही. तिथला यंत्रावरचा मजूर इथल्या मजुराचा शत्रू नव्हे. दोघांना एकमेकांविरुद्ध लावून ज्याचा गल्ला भरतो, तो दोघांचा समान प्रतिपक्ष आहे.

सरकारचे वर्तन तर विसंगतीचा नमुना आहे. २०१६ च्या डिसेंबरात हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची देणी भागवण्यासाठी तिची जमीन विकण्याचा आणि कंपनीही विक्रीस काढण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. २०१७ मध्ये रसायनीचा कारखाना बंद करण्याचे ठरले. अग्निबाणाच्या इंधनासाठी लागणारा एक विभाग तेवढा इस्रोकडे गेला. नायट्रोबेंझीनपासून पॅरा-अमिनोफेनॉल बनवता येते आणि त्यापासून पॅरासिटामॉल. म्हणजे साखळीची पहिली कडी रायगड जिल्ह्यात हाताशी होती, ती तोडली गेली. आणि तीनच वर्षांनी पॅरासिटामॉलची निर्यात रोखण्याची वेळ आली. त्यानंतर २०२० मध्येच सरकारने बल्क ड्रगच्या उत्पादनासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आखली. किण्वनाने तयार होणाऱ्या द्रव्यांना पहिली चार वर्षे विक्रीच्या २० टक्के रक्कम तिजोरीतून मिळते. २०२४ साली आंध्रातील काकीनाडा परिसरात पेनिसिलिनचा मोठा खासगी कारखाना सुरू झाला. देशात पुन्हा पेनिसिलिन बनते, हे स्वागतार्हच आहे. परंतु सार्वजनिक कारखान्याला तोट्याच्या नावाखाली जमीन विकायला लावायची आणि खासगी कारखान्याला जनतेच्या पैशातून प्रोत्साहन द्यायचे, या न्यायाला कोणता न्याय म्हणावे?

कामगाराच्या बाजूनेही कायद्याची भिंत खचत आहे. पूर्वी १०० किंवा अधिक कामगार असलेला कारखाना बंद करण्यास सरकारची पूर्वपरवानगी लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा ३०० वर नेली. मध्यम कारखान्याच्या मालकाला आता गाशा गुंडाळून काम बाहेर पाठवण्यास कोणाला विचारावयाचीही गरज उरली नाही.

तेव्हा मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. गोळीच्या पट्टीवर मूळ द्रव्य कोणत्या देशात तयार झाले हे छापले जावे. रुग्णाला ते जाणण्याचा अधिकार आहे. जो कारखाना सरकारी प्रोत्साहन घेतो, त्याने कायमच्या कामावर कायम कामगार नेमावा आणि सांडपाण्याचा हिशेब जाहीर ठेवावा. अत्यावश्यक औषधांच्या मूळ द्रव्यांचा काही हिस्सा सार्वजनिक क्षेत्रातच तयार व्हावा आणि पिंपरीच्या जमिनीकडे केवळ भूखंड म्हणून पाहणे थांबावे. आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात औद्योगिक भूखंडाचा वापर बदलण्यापूर्वी कामगारांची देणी आणि प्रकल्पग्रस्तांचा हक्क यांचा निवाडा व्हावा.

या मागण्या घेऊन कारखान्याच्या फाटकावर जाणारा कार्यकर्ता तेवढ्यावर थांबला तर काम अर्धेच होईल. त्याने जासईच्या शेतकऱ्याच्या घरी जावे, ऐरोलीच्या कोळीवाड्यात जावे, औषधाच्या दुकानापुढच्या रांगेतही उभे राहावे. जमीन देणारा, खाडीवर जगणारा, गोळी बनवणारा आणि गोळी घेणारा हे चौघे आज एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांची ओळख होईल, त्या दिवशी ड्रमावरचा शिक्का कोणाचा हे विचारण्याचे बळ या शहरात येईल.