कल्पित राज्यातील खरा आवाज

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, ज्या संगीताला मी वर्षानुवर्षे गोंगाट म्हणून दाराबाहेर ठेवले होते, त्याच संगीतातील एका ध्वनिमुद्रिकेविषयी आज आपणांशी बोलावयाचे आहे. ते दार उघडले माझ्या भाच्याने. त्याच्या खोलीतून येणारा ड्रमचा कडकडाट बंद करावयास सांगण्यासाठी मी गेलो, आणि नेमका त्याच क्षणी तो कडकडाट थांबला. त्या शांततेत एक वृद्ध, खर्जातला, राजस आवाज कथा सांगू लागला. आख्यान रंगात आले असता कीर्तनकाराने टाळ थांबवून दोन शब्द बोलावेत, तसे ते वाटले. रागावून आलेला मी दारातच उभा राहिलो.

तो आवाज होता प्रख्यात इंग्रज नट क्रिस्टोफर ली यांचा, आणि ध्वनिमुद्रिका होती 'सिंफनी ऑफ एन्चान्टेड लँड्स' या नावाचा दुसरा भाग, 'द डार्क सीक्रेट'. २००४ साली ती प्रसिद्ध झाली. ती करणारा संच इटलीच्या ईशान्य टोकावरील त्रिएस्ते या बंदराच्या गावचा असून त्याचे तेव्हाचे नाव 'रॅप्सडी' असे होते. गिटारवादक लुका तुरिल्ली आणि की-बोर्डवादक अलेक्स स्तारोपोली हे त्याचे आधारस्तंभ आणि फाबियो लिओने हा गायक.

या संगीतप्रकाराचे नाव लांबलचक आहे : सिंफनिक पॉवर मेटल. त्याची फोड मात्र अवघड नाही. विजेवर चालणाऱ्या गिटारीचा खरखरीत, भरदार नाद हा 'मेटल'चा पाया. त्याला घोडदौडीची लय दिली, मोठा ड्रम दोन्ही पायांनी अखंड वाजत ठेवला आणि गायकाला तारसप्तकात चढवले, की पॉवर मेटल होते. त्यावर पाश्चात्त्य वाद्यवृंद आणि समूहगान यांचा साज चढविला म्हणजे ते सिंफनिक होते. येथे हा साज केवळ यंत्रातून काढलेला नाही. चेक देशातील झ्लिन नगरीचा, बोहुस्लाव मार्टिनू यांच्या नावाने चालणारा फिलहार्मोनिक वाद्यवृंद या मुद्रणात वाजला आहे. चित्रपटाच्या पार्श्वसंगीताची भव्यता आपल्याला हवी आहे, हे हा संच उघडपणे सांगत असे.

आता कथेकडे वळू. १९९७ ते २००२ या काळात पाच ध्वनिमुद्रिकांतून या मंडळींनी पाचूच्या तलवारीची एक दीर्घ कथा सांगितली होती. २००४ साली आरंभिलेली कथा ही त्यापुढची. असुरी शक्तींचा सातवा काळा ग्रंथ दुष्टांच्या हाती लागला तर जगावर अंधार पसरेल. तो ग्रंथ कोठे आहे याचा उलगडा एरियन या देवदूताच्या शुभ्र ग्रंथात आहे, म्हणून काही वीर त्याच्या शोधात निघतात. त्यांच्यातला दार्गोर मला विशेष वाटतो. कारण पूर्वीच्या कथेत तो अंधाराच्या पक्षाकडून लढलेला आहे. या बालिश वाटणाऱ्या कथेत पश्चात्तापाला जागा आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

दोष लपविण्याचे कारण नाही. इटालियन कवीने इंग्रजीत रचलेले शब्द पुष्कळदा अवजड होतात. सत्तर मिनिटांच्या या प्रवासात विसावा थोडा आणि हास्य तर कोठेच नाही. ग्रंथ, देवदूत, तलवारी यांची इतकी दाटी, की टीकाकारांना थट्टेचा विषय आयता मिळावा. आणि तरीही 'गार्दियानी देल देस्तिनो' हे गीत सुरू होते, लिओने आपल्या मातृभाषेत गाऊ लागतो आणि शब्द व स्वर यांच्यातली तेढ एकदम नाहीशी होते. तेथे कोणालाही थट्टा सुचू नये.

परंतु मला अडविले ते ली यांच्या स्वराने. त्यांचा जन्म १९२२ चा. म्हणजे मुद्रिका प्रसिद्ध झाली तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. त्यांची पणजी मारी करांदिनी ही ऑस्ट्रेलियात गाजलेली ऑपेरा-गायिका. गायक होण्याची ओढ त्यांनाही होती. पण दुसऱ्या महायुद्धातील सैनिकी सेवेनंतर त्यांचे आयुष्य नटाच्या वाटेने गेले. ड्रॅक्युलाच्या भूमिकेने त्यांना कीर्ती दिली. टॉल्किन यांच्या महाकथेवरील चित्रपटांत सारुमान जादूगार म्हणून ते नव्या पिढीसमोर आले. गाण्याची हौस मात्र मागे राहिली होती. या त्रिएस्तेच्या तरुणांनी त्यांना बोलाविले ते निवेदनासाठी. पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. याच मुद्रिकेतील 'द मॅजिक ऑफ द विझार्ड्स ड्रीम' हे गीत २००५ साली पुन्हा मुद्रित झाले, आणि त्या वेळी ली लिओनेबरोबर गायले; तेही इंग्रजी, इटालियन, फ्रेंच आणि जर्मन अशा चार भाषांतून!

तो गळा तरुण नाही. त्याला तान घ्यावयाची नाही. पण शब्द उच्चारताना त्यात कोठेही उपहास नाही, 'मुलांच्या खेळात थोडा वेळ आलो आहे' असा भाव नाही. युद्ध प्रत्यक्ष पाहिलेला एक वृद्ध मनुष्य कल्पित राज्यातील युद्धाची कथा पूर्ण गांभीर्याने सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्यालाही आपले हसू आवरावे लागते. अद्भुतरसाला लागणारी श्रद्धा वयाबरोबर ओसरलीच पाहिजे असे नाही, हे मला त्या आवाजाने पटविले.

पुढे २००६ साली संचाने 'रॅप्सडी ऑफ फायर' हे नाव घेतले, आणि ही दुसरी कथामाला २०११ साली पूर्ण झाली. त्याच वर्षी तुरिल्ली स्नेहभावाने वेगळे झाले. ली यांनी २०१० साली शार्लमेन सम्राटावर स्वतःची संगीतकृती काढली आणि २०१५ साली, त्र्याण्णव वर्षांचे होऊन, ते निवर्तले.

श्रोतेहो, हे संगीत आपल्याला आवडेलच असे मी म्हणत नाही. आरंभी आवाज थोडा लहान ठेवावा आणि ते जादूगाराच्या स्वप्नाचे गीत प्रथम ऐकावे, इतकेच सुचवितो. माझ्या भाच्याचे दार अजूनही बंदच असते. पण आता मी ते ठोठावतो, तो खुर्ची पुढे सरकवतो आणि आम्ही दोघे ऐकत बसतो.