खेळ कोठे संपतो आणि जुगार कोठे सुरू होतो?



ब्रिटन व आयर्लंडमधील व्हिडिओ गेम आणि जुगार हा विषय आपणांस दूरदेशीचा वाटेल. परंतु आपल्या कोकणातील अनेक कुटुंबे ब्रिटनमध्ये स्थायिक झाली आहेत. आणि तेथील मुले मोबाईलवर जे खेळ खेळतात, तेच येथील मुलेही खेळतात. म्हणून तेथे काय घडले ते आपण समजून घेऊ या.

आयर्लंडने पैजा घेणारी दुकाने १९२६ सालीच कायदेशीर केली. ब्रिटनमध्ये ती १९६१ च्या मे महिन्यापासून उघडली. चोरून चालणारा धंदा उजेडात यावा, हा त्यामागील हेतू. गिऱ्हाईक रेंगाळू नये म्हणून ती दुकाने मुद्दाम रूक्ष ठेवली होती. टेलिव्हिजन आणि चहापाणी यांना परवानगी मिळाली ती १९८६ मध्ये. पुढे तेथे रुलेची यंत्रे आली. एका डावाला शंभर पौंडांपर्यंत रक्कम लावता येई आणि डाव वीस सेकंदांत संपे.

विद्यार्थी मित्रांनो, येथे थोडा हिशेब करा. चक्रावर ३७ घरे. जिंकल्यास ३६ पट रक्कम परत. म्हणजे शंभर पौंडांमागे सरासरी २ पौंड ७० पेन्स दुकानाचे. तासाला १८० डाव झाले तर सरासरी तोटा ४८६ पौंड! यात नशिबाचा प्रश्नच नाही. ही साधी शेकडेवारी आहे. अखेर १ एप्रिल २०१९ पासून सरकारने ही मर्यादा शंभरावरून दोन पौंडांवर आणली. पण तोवर कित्येक संसार उद्ध्वस्त झाले होते.

आता मुलांकडे वळू. १९८१ साली जॉर्ज फोक्स या मजूर पक्षाच्या खासदारांनी स्पेस इन्व्हेडर्ससारख्या यंत्रांवर स्थानिक संस्थांचे नियंत्रण असावे, असे विधेयक मांडण्याची परवानगी मागितली. मुले शाळा बुडवून यंत्रांत नाणी टाकतात, ही त्यांची तक्रार होती. बाजूने ९४ मते पडली, विरुद्ध ११४. मागणी फेटाळली गेली.

मला वाटते, त्या खेळात निदान एक प्रामाणिकपणा होता. नाणे टाकले की खेळायला मिळे आणि हात तयार झाला की गुण वाढत. आजच्या कित्येक खेळांत मात्र 'लूट बॉक्स' नावाची बंद पेटी पैसे देऊन विकत घ्यावी लागते. आत काय निघेल ते दैवावर! बेल्जियमने २०१८ मध्ये अशा विकत घ्यायच्या पेट्यांना जुगार ठरविले. ब्रिटनमध्ये मात्र, पेटीतील वस्तूचे रोख पैसे होत नसतील तर तो कायद्याने जुगार ठरत नाही. २०२२ साली तेथील सरकारने कायदा न बदलता खेळ बनविणाऱ्यांवरच जबाबदारी सोपविली.

पालकहो, खरा धोका येथेच आहे. कुरआन शरीफने जुगार निषिद्ध ठरविला आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असते. पण रंगीत पेटीच्या रूपात तो समोर आला तर ती त्याला ओळखतील काय? व्यसन कर्तबगार माणसालाही सोडत नाही. आर्मा संघाचे विख्यात गेलिक फुटबॉलपटू ओशीन मॅककॉनव्हिल जुगारात बुडाले होते. ते उपचार घेऊन सावरले, आपली कहाणी त्यांनी जाहीरपणे सांगितली आणि पुढे ते अशाच व्यसनग्रस्तांचे समुपदेशक झाले. २०१८ मध्ये आयर्लंडच्या गेलिक क्रीडा संघटनेने पैजेच्या कंपन्यांचे प्रायोजकत्व बंद केले. २०२४ च्या आयरिश कायद्याने जुगारावर स्वतंत्र नियामक प्राधिकरणाची तरतूद केली.

सारांश, कायदा येतो, पण उशिरा येतो. तोवर पहारा घरानेच द्यायचा असतो. सर्वच व्हिडिओ गेम वाईट, असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर मुले आपले ऐकणे सोडून देतील. मुलाजवळ बसा, त्याचा खेळ पाहा आणि दोनच प्रश्न विचारा: यात पैसे द्यावे लागतात काय? आणि दिल्यावर काय मिळेल ते आधी कळते काय? पहिल्याचे उत्तर 'होय' आणि दुसऱ्याचे 'नाही' आले, की खेळ तेथे संपला असे समजा.

अल्लाह आपल्या मुलांना भल्याबुऱ्याची पारख देवो, एवढी दुआ करून मी आपली रजा घेतो.