स्वादुपिंडाचा दाह : कारण कोणते, परिणाम कोणता?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा संक्षेप)



उत्सवाच्या मांडवात आजाराचा विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या दिल्लीने आपल्या पिढ्यांना आसरा दिला, त्या दिल्लीतच झालेल्या एका मौलिक संशोधनाची ओळख आपणांस असावी, या हेतूने मी हा विषय निवडला आहे.

जठराच्या मागे आडवे पसरलेले स्वादुपिंड दोन कामे करते : पाचकरस आतड्यात सोडते आणि इन्सुलिन रक्तात मिसळते. हे रस आतड्यात पोहोचल्यावरच कार्यप्रवण व्हावेत, अशी निसर्गाची योजना आहे. ती बिघडली की ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. रोगप्रतिकारक पेशी तिच्या रक्षणार्थ धावतात. पण त्यांच्याच गर्दीने दाह भडकतो. तो वर्षानुवर्षे टिकला तर ग्रंथी निबर होते, तीत खडे धरतात, पोटातली कळ पाठीत जाते आणि पुढे मधुमेह जडतो.

मद्यपान हे या विकाराचे एक सुपरिचित कारण. परंतु मद्याचा थेंबही न घेतलेल्या मुलांत व तरुणांत तो आढळतो, हे केरळात डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी विस्ताराने नोंदविले. त्यांचे रुग्ण बहुधा गरीब आणि कृश होते. त्या प्रांतात कसावाचा कंद खाण्याची रीत होती. आपल्या उपवासाचा साबुदाणा होतो तो याच कंदापासून. साहजिकच कुपोषण आणि कसावा यांच्यावर ठपका आला. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा मधुमेहाला ‘कुपोषणजन्य’ वर्गात स्थान दिले. आधीच पिडलेल्या घराला, लेकराला पोटभर खाऊ घातले नाही, हा बोलही त्यामुळे लागला.

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. प्रमोद गर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी या समजुतीची उलटतपासणी केली. रुग्ण आज कृश आहे हे दिसतेच; पण दुखणे सुरू होण्यापूर्वी तो कसा होता? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचे उत्तर स्पष्ट होते : रोगापूर्वी हे रुग्ण निरोगी माणसांहून अधिक कुपोषित नव्हते. वजन उतरले ते रोग जडल्यावर. कुपोषण हे कारण नसून परिणाम होता.

मग मूळ कशात? हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील डॉ. गिरिराज चांडक व सहकाऱ्यांनी २००२ साली ‘स्पिंक १’ या जनुकातील दोषाकडे बोट दाखविले होते. पाचकरसाला आवर घालणाऱ्या प्रथिनाचे हे जनुक. दिल्लीच्या २०१० सालच्या अभ्यासाने त्याला पुष्टी दिली. कसावाच्या आरोपाला मात्र आधार मिळाला नाही. आपल्या पुण्यातही के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या मधुमेहाचा अभ्यास केला आहे.

उपचाराचेही पाऊल पुढे पडले. २००९ साली दिल्लीच्या याच गटाने १२७ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. सेलेनियम, मिथिओनीन, बीटा कॅरोटीन आणि क व ई जीवनसत्त्वे सहा महिने घेणाऱ्यांत ३२ टक्के रुग्ण वेदनामुक्त झाले. नुसत्या बनावट गोळ्या घेणाऱ्यांत १३ टक्के. २०१२ साली मँचेस्टरच्या चाचणीत मात्र वेदना कमी झाल्या नाहीत. तेथील रुग्ण वयाने मोठे आणि बहुतांशी मद्यपानामुळे आजारी होते. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवून विचार करणे, हाच शास्त्राचा प्रामाणिकपणा.

कधी प्रतिकारसंस्थाच स्वादुपिंडावर उलटते. १९९५ साली जपानी वैद्यांनी या विकाराला स्वतंत्र नाव सुचविले. तो चित्रात हुबेहूब कर्करोगासारखा दिसू शकतो, आणि बरा होतो स्टेरॉईडने! म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी नेमके निदान होणे अगत्याचे.

बंधुभगिनींनो, वरच्या पोटात उठून पाठीत जाणारी, वारंवार येणारी कळ ‘पित्त’ म्हणून अंगावर काढू नका. मद्य आणि तंबाखू वर्ज्य करा. आणि कोणा कृश रुग्णाकडे पाहून त्याच्या घरच्या ताटाला दोष देण्यापूर्वी दिल्लीच्या या संशोधकांनी विचारलेला साधा प्रश्न आठवा : आधी काय झाले, आणि मागाहून काय?