नववं कलम कुणी वाचलं?

1812 सालचं अमेरिका-ब्रिटन युद्ध आपल्याकडे बहुधा परीक्षेतच भेटतं. विद्यार्थी कारणं घडाघडा म्हणतात: नेपोलियनशी झुंजताना इंग्रजांनी तटस्थांच्या व्यापारावर लादलेली बंधनं, अमेरिकन जहाजांवरून खलाशी पकडून नेणं, सरहद्दीवरच्या मूळ रहिवाशांना दिलेली फूस आणि अमेरिकेला पडलेला कॅनडाचा मोह. सगळं बरोबर. पण तहात यातल्या कशाचा निकाल लागला असं विचारा, वर्ग गप्प. माझं आजचं सांगणं एवढंच आहे, आणि ते मी दोन-तीनदा सांगणार आहे. कारणं पाठ केलीत ना, मग तहही वाचा.

खलाशांचंच घ्या. ब्रिटिश नौदलाला माणसं पुरत नव्हती. पगार तुटपुंजा, शिस्त चाबकाची. पळालेले खलाशी अमेरिकन व्यापारी जहाजांवर कामाला लागायचे. मग ब्रिटिश अधिकारी ती जहाजं अडवायचे, माणसं ओळीनं उभी करायचे आणि ‘हा आमचा’ म्हणून उचलून न्यायचे. त्यात हजारो अस्सल अमेरिकनही गेले. 1807 च्या जूनमध्ये तर ‘लेपर्ड’ या ब्रिटिश युद्धनौकेनं अमेरिकेच्या ‘चेसापीक’ या लढाऊ जहाजावरच तोफा डागल्या आणि चौघांना नेलं. देश खवळला.

आणि तरी 18 जून 1812 रोजी युद्ध पुकारलं ते कुणाच्या मतांवर? प्रतिनिधिगृहात 79 विरुद्ध 49, सिनेटमध्ये 19 विरुद्ध 13. ज्यांची जहाजं अडवली जात होती ते न्यू इंग्लंडचे व्यापारी बहुतेक विरोधात होते, आणि समुद्रापासून कोसो दूर असलेल्या केंटकी-टेनेसीचे पुढारी युद्धासाठी उतावीळ. माझ्या मते त्यांचा डोळा जमिनीवर होता. लंडनमध्ये व्यापाराची बंधनं पाचच दिवसांनी मागे घेतली गेली. पण ती बातमी जहाजानं येईपर्यंत इकडे फौजा निघाल्या होत्या.

मला हे आपल्या बांधावरच्या भांडणासारखं वाटतं. दोन बागायतदार, बांधाला बांध. एक म्हणतो, तू माझे गडी पळवतोस. दुसरा म्हणतो, ते गडी माझेच, उचल घेऊन पळालेले. शब्दानं शब्द वाढतो, काठ्या निघतात. आणि दोघांच्या मळ्यामागच्या गायरानात एका धनगराचा वाडा बसलेला असतो. फिर्यादीत त्याचं नाव नसतं. हा धनगर जरा लक्षात ठेवा.

लढाया मी भराभर सांगतो. कॅनडा सहज पडेल असं वाटलं होतं. उलट ऑगस्ट 1812 मध्ये जनरल हल डेट्रॉइट देऊन बसले. समोर ब्रिटिश सेनापती ब्रॉक आणि त्यांच्या जोडीला शॉनी जमातीचा नेता टेकुमसे. समुद्रावर मात्र अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेनं इंग्रजांची जहाजं हरवून दाखवली. 1813 मध्ये अमेरिकनांनी यॉर्क, म्हणजे आजचं टोरांटो, इथल्या सरकारी इमारती जाळल्या. ऑगस्ट 1814 मध्ये इंग्रजांनी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्षांचं निवासस्थानच पेटवलं. एकानं दुसऱ्याची गंजी पेटवावी, दुसऱ्यानं त्याचं घर.

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. ‘कॉन्स्टिट्यूशन’नं डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलजवळ ‘जावा’ हे ब्रिटिश जहाज जिंकलं. त्यावर मुंबईच्या नेमणुकीवर निघालेले जनरल थॉमस हिस्लॉप होते. कैद झाले, वचनावर सुटले, इंग्लंडला परतले, पुढे मद्रासचे सरसेनापती झाले. डिसेंबर 1817 मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव केला तो याच हिस्लॉप यांनी. हरलेल्या जहाजावरच्या सेनापतीलाही दुसरी नेमणूक मिळाली. धनगराला काय मिळालं, ते पाहू.

24 डिसेंबर 1814. गेंट शहर, आजच्या बेल्जियममधलं. तह झाला. त्यात खलाशांच्या धरपकडीबद्दल एक शब्द नाही! एप्रिलमध्ये नेपोलियन पायउतार झाला होता, तेव्हा इंग्रजांना एवढ्या खलाशांची निकड उरली नव्हती आणि अमेरिकेनंही हट्ट सोडला. तटस्थांच्या व्यापाराबद्दलही काही नाही. सरहद्द जैसे थे. खर्चानं दोघे बागायतदार टेकीला आले आणि बांध होता तिथंच राहिला. न्यू ऑर्लिन्सला अमेरिकन सेनापती अँड्र्यू जॅक्सन यांनी मिळवलेला गाजलेला विजय त्यानंतरचा, 8 जानेवारी 1815 चा. तहाची बातमी तिथवर पोहोचलीच नव्हती.

पण तहाला एक नववं कलम होतं, आणि ते आपल्या धनगराचं, म्हणजे मूळ रहिवाशांचं होतं. अमेरिकेनं मूळ रहिवाशांशी चाललेली लढाई थांबवावी आणि 1811 साली त्यांच्याकडे असलेली जमीन व हक्क त्यांना परत द्यावेत, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. वाटाघाटींच्या सुरुवातीला इंग्रज त्यांच्यासाठी स्वतंत्र मुलूख मागत होते. ती मागणी सोडली आणि त्या जागी हे कलम आलं. टेकुमसे तोवर जिवंत नव्हता. ऑक्टोबर 1813 मध्ये थेम्स नदीच्या लढाईत तो पडला. ही थेम्स कॅनडातली. 1809 मध्ये अमेरिकन गव्हर्नर हॅरिसन यांनी काही सरदारांच्या सह्या घेऊन सुमारे 30 लाख एकर जमीन मिळवली होती. जमीन सगळ्या जमातींची, एकट्यादुकट्याला ती विकता येत नाही, हे टेकुमसेचं म्हणणं. त्याच्याबरोबर त्यानं बांधलेली जमातींची एकजूटही मोडली.

दक्षिणेत त्याहून वाईट झालं. मार्च 1814 मध्ये जॅक्सन यांनी क्रीक जमातीच्या एका गटाला हरवलं आणि ऑगस्टमध्ये क्रीकांकडून सुमारे 2 कोटी 30 लाख एकर जमीन लिहून घेतली. त्यात जॅक्सन यांच्याच बाजूनं लढलेल्या क्रीकांचीही जमीन होती! क्रीकांची ही जमीन गेली ती 1811 नंतर. म्हणजे नवव्या कलमानं परत द्यायला हवं होतं ना? दिलं नाही. इंग्रजांनीही फारसा आग्रह धरला नाही. कॅनडाच्या बाजूला राहिलेल्यांचं काय झालं, तेही सांगायचं होतं, पण समोरचे गृहस्थ घड्याळ दाखवताहेत.

शिक्षकांना मात्र एक विनंती करतो. ‘युद्धाची कारणे लिहा’ या प्रश्नाखाली ‘त्यांतली कोणती तहात आली?’ एवढी एक ओळ घाला. आणि मुलांना हेही सांगा की मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याच्या 1830 च्या कायद्यावर सही आहे ती अध्यक्ष झालेल्या याच अँड्र्यू जॅक्सन यांची.