आधी माती परीक्षण, मग मात्रा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या बैठकीत बाळंतपणाचा विषय कशाला, असे काही जणांना वाटेल. वेचणीला बाया मिळत नाहीत, हे आपण दर बैठकीत बोलतो. वेचणाऱ्या बाईच्या अंगात रक्त किती, हे मात्र कधी बोलत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या दर १०० गरोदर बायांपैकी ५२ जणींना रक्तक्षय निघाला. अशा बाईचे बाळंतपणात थोडे जास्त रक्त गेले तरी जिवावर बेतते.

या औषधाचा कापसाशी जुना संबंध आहे. १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स इंग्लंडहून मुंबईत आल्या. कापड गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायांचा रक्तक्षय त्यांनी तपासला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे १९३१ मध्ये मांडले. त्या अर्कातले द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक ॲसिड.

ते केव्हा घ्यायचे? बाळाच्या पाठीच्या कण्यातली मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. तोवर दिवस गेल्याचे बाईलाही नीट कळलेले नसते. म्हणून मूल हवे असेल तेव्हापासूनच ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज सुरू करावी. पेरणी झाल्यावर बीजप्रक्रिया करता येत नाही.

चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. रोज एक, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. ज्वारीत लोह आहे, पण तिच्यातली फायटेटसारखी द्रव्ये ते धरून ठेवतात. म्हणून नुसत्या भाकरीवर गरोदर बाईची गरज भागत नाही. भाकरीसोबत लिंबू किंवा आवळा असला तर लोह बरे लागू पडते. चहा मात्र तासभर आधीही नको, नंतरही नको.

कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, जेवणासोबत. ती लोहाच्या गोळीबरोबर घ्यायची नाही. झिंक सल्फेट आणि डीएपी आपण एकत्र कालवत नाही, कारण स्फुरद जस्ताला अडकवून ठेवते. इथेही तसेच आहे. दोन गोळ्यांत दोन तासांचे अंतर ठेवा. सकाळ-दुपारच्या जेवणासोबत कॅल्शियम आणि रात्री जेवणानंतर दोन तासांनी लोह, हे सोपे पडते.

लोहाने शौच काळी होते, पोट जड होते, मळमळते. त्याला भिऊन गोळ्या फडताळात टाकू नका. त्रास फार झाला तर नर्सबाईला सांगा. गोळ्या लहान पोरांच्या हाती लागू देऊ नका. त्यांच्यासाठी जास्त लोह हे विष आहे.

आता दुसरी बाजू. जास्त युरियाने पऱ्हाटी माजते आणि बोंडे धरत नाहीत, हे आपण जाणतो. दुकानदाराने दिलेले टॉनिक, डॉक्टरची गोळी आणि सरकारी गोळी यांत तेच द्रव्य तीनदा जाऊ शकते. त्यात जीवनसत्त्व अ सर्वांत धोक्याचे. गरोदरपणात रोज १०,००० युनिटच्या वर गेल्यास बाळात व्यंग येऊ शकते. लहान मुलांना पाजायच्या डोसात १ ते २ लाख युनिट असतात. तो गरोदर बाईने घ्यायचा नाही. घरातली सगळी पाकिटे आणि बाटल्या पिशवीत घालून तपासणीला न्या.

विदर्भात सिकलसेलची घरे बरीच आहेत. सिकलसेलच्या बाईला लोह डॉक्टरने तपासून सांगितल्याशिवाय देऊ नये. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, आणि ७ च्या खाली गेले तर गोळ्यांवर थांबायचे नाही, दवाखान्यात न्यायचे. मात्रा डॉक्टर ठरवील.

लाल गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळाल्या पाहिजेत. तो आपल्या करातून आलेला हक्क आहे. साठा संपला असे सांगितले तर संघटनेच्या चार जणांनी जाऊन विचारावे आणि गोळ्या येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. घरात कोणाला दिवस गेले असतील त्या प्रत्येक भावाने या आठवड्यात तिच्यासोबत तपासणीला जावे. मातीचा नमुना घेऊन आपण तालुक्याला जातोच. घरच्या लक्ष्मीच्या रक्ताचा नमुनाही तितक्याच अगत्याने तपासून घेऊ.