जामीन कोणाचा आणि कितीचा?
(ग्रामसभेपुढें केलेलें भाषण)


पाणीपट्टी वसूल करणाऱ्या कारकुनाकडून तारण घ्यावें असें आम्हीं म्हटलें कीं कित्येकांना वाटतें, मास्तर त्या गरिबाला चोर ठरवितात. तसें नाहीं. सरकारी पैसा सांभाळणाऱ्यानें तारण द्यावें, हें १८५० च्या बाराव्या कायद्यानेंच ठरविलें. मग पंचायतीचा पैसा काय कमी मोलाचा?

मागें एका गांवीं पावत्या फाटल्या, पैसा बँकेंत गेला नाहीं, कारकून परागंदा झाला. जामीनखतावर अंगठा होता त्याच्या सासऱ्याचा! म्हाताऱ्याची दीड एकर जमीन गेली, तरी पंचायतीचें अर्धेंही भरून आलें नाहीं. अंगठा घेतला त्या दिवशीं तो कागद त्याला वाचून दाखवायला आम्हां शिकलेल्यांपैकीं कोणी उठलें नाहीं, हें अजून टोंचतें.

म्हणून नातलगाचा अंगठा नको. कंपन्या ज्याला फिडेलिटी गॅरंटी म्हणतात तो विमा घ्या. हप्ता पंचायतीनेंच भरावा, कारण रक्षण तिचें होतें, कारकुनाचें नव्हे. भरपाई दिल्यावर कंपनी त्याच्यामागें लागूं शकते. रक्कम पगार पाहून ठरवूं नका. मार्चअखेरच्या वसुलींत, भरणा होण्यापूर्वीं, त्याच्या पेटींत जास्तींत जास्त किती पडून राहतें तें पाहा. रोजचा रोज भरणा केला तर थोड्या रकमेंत भागेल.

आणि चेकावर सह्या करणाऱ्यांनाही हाच नियम लावा. शिपायाला जामीन आणि सरपंचाला नमस्कार, असें नको.

पुढल्या सभेस विम्याचा कागद आम्ही वाचून दाखवूं, बारीक अक्षरांसकट.