दुखणं अंगावर काढू नका

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ म्हणजे म्युकरमायकोसिस घरोघरी ठाऊक झाला. ही बुरशी मातीत, हवेत असतेच. रक्तातली वाढलेली साखर आणि स्टिरॉइड यांनी प्रतिकारशक्ती खचली, की ती नाकातून डोळ्यापर्यंत, मेंदूपर्यंत पोचते. तेव्हा ॲम्फोटेरिसिनची इंजेक्शनं मिळेनात. जीव वाचवायला कित्येकांचा डोळा, जबडा काढावा लागला. महाराष्ट्र सरकारनं हा उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेतला. पण योजना उपयोगी पडते ती रुग्णालयात पोचणाऱ्या बाईला.

घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत मी पाहते, नवऱ्याच्या गोळ्या सांभाळणारी बाई स्वतःची साखर तपासत नाही. मधुमेह असताना गाल बधिर झाला, डोळा सुजला, नाकातून काळपट स्राव आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गटाच्या बैठकीत बचतीबरोबर प्रत्येकीच्या साखरेचीही नोंद ठेवू या.